खाऱ्या हवेत सायकलला स्वस्त फ्रीव्हील बसवावे की महाग?

आपला प्रश्न असा आहे की, वेंगुर्ल्यात एकाच गिअरची साधी सायकल आपण बारा महिने चालवता, पावसाळा सरता सरता तिचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचे, चेन ज्यावर चालते ते दात्यांचे चक्र, दर वर्षी निकामी होते, आणि आता दुकानदाराने दीडशे रुपयांचे आणि बाराशे रुपयांचे अशी दोन फ्रीव्हील समोर ठेवली आहेत. तर आठपट पैसे मोजावेत का? मी रत्नागिरीचा. भाट्ये-पावस रस्त्यावर माझी सायकल नेहमी असते आणि शेजारपाजारच्या सायकली मी घरीच उघडून दुरुस्त करतो. माझे मत असे की, बाराशेचे घेऊ नये, पण दीडशेचेही न पारखता उचलू नये.

फ्रीव्हीलचा आतला भाग हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसतो आणि दात्यांचा बाहेरचा भाग त्याच्याभोवती फिरतो. दोहोंच्या मध्ये बारीक छऱ्यांच्या दोन रांगा असतात आणि स्प्रिंगने उचलून धरलेल्या, बहुधा दोन, खिट्ट्या असतात, ज्यांना कारागीर कुत्रे म्हणतात. पॅडल मारले की कुत्रे बाहेरच्या भागातील खाचांत अडकून चाक ओढतात, आणि पॅडल थांबले की खाचांवरून टकटक करत घसरतात. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पॅडल मारताना आतला व बाहेरचा भाग एकत्रच फिरत असल्यामुळे छरे मुळीच फिरत नाहीत. ते फिरतात ते उतारावर, पाय थांबलेले आणि चेनवर भार नसताना. त्यामुळे महागड्या फ्रीव्हीलमधील सीलबंद बेअरिंगमुळे सायकल हलकी चालते, हा समज चुकीचा आहे. चढावर दोन्हींना सारखाच जोर लागतो.

महाग फ्रीव्हीलमध्ये जास्तीचे जे मिळते, ते म्हणजे अधिक कठीण पोलाद, काटेकोर घडण आणि जास्त खाचा. 20 खाचांचे फ्रीव्हील पकड घेण्यापूर्वी जास्तीत जास्त 18 अंश रिकामे फिरते. पुढच्या चक्राला 44 आणि मागे 18 दाते असतील तर पायाला हा रिकामेपणा सात अंशांहून किंचित अधिक जाणवतो. उड्या मारणाऱ्या आणि क्षणोक्षणी पॅडल थांबवून पुन्हा जोर लावणाऱ्या बीएमएक्स या कसरतीच्या सायकलवाल्यांना एवढाही उशीर खपत नाही. कामावर जाणाऱ्या माणसाला तो कळतही नाही.

आपल्याकडे फ्रीव्हील मरते ते झिजून नव्हे, गंजून. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने समुद्राची खारी हवा, आणि रस्त्यावर जांभ्याची तांबडी माती, ही तिन्ही दोन भागांमधल्या फटीतून आत जातात. स्प्रिंग गंजून तुटते, किंवा मातीच्या लगद्यात कुत्रा खाली दबून राहतो आणि पॅडल रिकामे फिरते. चढावर उभे राहून सारा भार पॅडलवर टाकलेला असताना असे झाले तर माणूस तोंडावर आपटतो, म्हणून पकड अधूनमधून सुटू लागलेले फ्रीव्हील एक दिवसही चालवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. सीलमुळे पाणी उशिरा शिरते हे खरे, पण एकदा शिरले की ते लवकर बाहेरही पडत नाही. महाग फ्रीव्हील एकाच परिस्थितीत परवडते: ते पूर्ण उघडता येत असेल आणि त्याचे कुत्रे व स्प्रिंगा सुट्या मिळत असतील तर. वेंगुर्ल्यात हे सुटे भाग हाताशी आहेत का, ते दुकानदारालाच विचारून घ्यावे.

आता पारख. या दोन किमतींच्या मधले, परिचित कंपनीचे आणि चांगला मुलामा असलेले फ्रीव्हील मागावे. काळ्या, मुलामा नसलेल्या लोखंडावर खाऱ्या हवेत फार लवकर तांबेरा चढतो. आतला भाग बोटांत घट्ट धरून बाहेरचा भाग हळूहळू फिरवावा, टकटक एकसारखी येते का ते ऐकावे, आणि ठिकठिकाणी उलटे फिरवून प्रत्येक वेळी पकड बसते का ते पाहावे. फिरताना थोडे डगडगले तर बिघडत नाही. मात्र दात्यांचे वर्तुळच केंद्रापासून सरकलेले असेल तर चेन एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी सैल राहते, ते घेऊ नये. चेनची रुंदीही जुळवून घ्यावी: रुंद दात्यांवर अरुंद चेन बसत नाही, अरुंद दात्यांवर रुंद चेन मात्र चालते.

सर्वांत जास्त महत्त्व मी देतो ते काढण्याच्या खाचांना. आतल्या भागाच्या तोंडाशी अवजार बसवण्यासाठी दोन किंवा चार खाचा असतात. त्या चार असाव्यात आणि खोल असाव्यात. प्रत्येक पॅडलबरोबर फ्रीव्हील हबवर अधिकाधिक आवळले जाते, आणि हब अॅल्युमिनियमचा असेल तर खाऱ्या ओलाव्यात पोलाद व अॅल्युमिनियम यांच्यामध्ये होणाऱ्या गंजाने दोन्ही चिकटून बसतात. मग उथळ खाचा मोडतात, छिन्नी-हातोडा बाहेर येतो, आणि दीडशे रुपयांच्या भागापायी सबंध हब जातो. म्हणून बसवण्यापूर्वी आट्यांना सढळ हाताने ग्रीस लावावे आणि पहिले काही आटे हातानेच चढवावेत. हे आटे फार बारीक, इंचाला 24 असतात आणि वाकडे चढले की हबचेच आटे कापले जातात. काढताना अवजार एक्सलच्या नटाने दाबून धरावे आणि फ्रीव्हील पहिल्यांदा सुटताच नट सैल करावा.

आट्यांना ग्रीस, पण आत नाही. आत घट्ट ग्रीस भरले की कुत्रे वेळेवर उठत नाहीत. पावसाळ्यात दर पंधरवड्याला चाक आडवे ठेवून फटीतून आधी थोडे रॉकेल सोडावे, फ्रीव्हील फिरवून घाण गळू द्यावी, वाळल्यावर पातळ तेल सोडावे आणि रिमवर व टायरवर ओघळलेले पुसून काढावे. वाळूतून सायकल नेली असेल तर गोड्या पाण्याने हलके धुवावे, जोराचा फवारा मारू नये. एवढे केले तर मध्यम किमतीचे फ्रीव्हील वर्षापेक्षा जास्त टिकायला हरकत नाही.

चेनही मोजून पाहावी. नव्या चेनच्या 24 कड्यांची लांबी बरोबर 12 इंच भरते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने वाढली की चेन बदलावी, आठव्या भागाने वाढली असेल तर जुने फ्रीव्हीलही तिच्याबरोबर खराब झालेले असते. ताणलेल्या चेनखाली नवे फ्रीव्हील, स्वस्त असो की महाग, दाते लवकर गमावते.

आपला रस्ता खाडीवरून टेकडीवर चढणारा असेल तर वाचलेले पैसे दात्यांच्या संख्येवर खर्च करावेत, असे मी सुचवेन. 44 आणि 18 या जोडीत पॅडलच्या एका फेऱ्यात चाक 2.44 वेळा फिरते, मागे 22 दाते घेतले तर बरोबर दोन वेळा, आणि चढ तेवढा सोपा होतो. त्यासाठी चेन साधारण इंचभर लांब लागेल, तेव्हा दोन्ही एकाच वेळी घ्यावीत.