80 चा स्पीड आणि गळालेला ‘नाही’

प्रश्न : मी बीए झाले आहे. मराठी 30 चं (मिनिटाला 30 शब्द) टायपिंग पास आहे. शॉर्टहँडची, म्हणजे लघुलेखनाची, मिनिटाला 60 शब्दांची परीक्षा निघाली, पण 80 ला दोनदा नापास झाले. जिल्हा न्यायालयात स्टेनो व्हायचं आहे. मामा म्हणतात, आता संगणकच ऐकून लिहितो, हे शिकून काय उपयोग? मैत्रीण सांगते, अमेरिकेतल्या कोर्ट रिपोर्टरचं मशीन शीक, कॅप्शनचंही, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवायचंही, काम मिळेल. काय करू, ताई?
– एक वाचक, फलटण

उत्तर : आधी वही काढ. चार दिवसांपूर्वी घेतलेलं डिक्टेशन आज वाचून बघ. अडखळलीस, तर तुझा हात कमी पडत नाहीये, वाचन कमी पडतंय. 80 ला नापास होणाऱ्या बहुतेक मुलींचं हेच होतं. लिहून होतं, पण स्वतःचंच लिहिलेलं लागत नाही.

शॉर्टहँडमध्ये प आणि ब ची रेघ एकच. हलकी ओढली की प, दाबली की ब. घाईत सगळ्याच रेघा जाड येतात. ‘मारला’, ‘मारली’, ‘मारले’ तिन्हींचा सांगाडा म-र-ल. वेगात स्वर द्यायला सवड नसते, मग काठी मारली की दगड मारला हे मागच्यापुढच्या शब्दांवरूनच ठरतं. म्हणून रोज एकच उतारा घे. मोबाइलवर लावून आधी 60 च्या वेगानं, मग 70 नं, मग 85 नं. आणि घेतलेला प्रत्येक उतारा टाइप करायचाच.

मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. दुसऱ्याच वर्षी एका साक्षीत माझ्या हातून ‘नाही’ गळाला. साक्षीदार बाई म्हणाली होती, ‘मी पाहिलं नाही’. कागदावर आलं, ‘मी पाहिले’. साक्ष तिला वाचून दाखवली तेव्हा तीच म्हणाली, ‘साहेब, असं नाही म्हणाले मी.’ दुरुस्ती झाली. मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून ‘नाही’ आला की मी त्याच्याखाली आडवी रेघ मारत आले. तूही मार.

अमेरिकेचं म्हणशील, तर तिथल्या स्टेनो मशीनवर अनेक कळा एकदम दाबून उच्चाराचा अख्खा तुकडा उमटवतात. प्रमाणपत्रासाठी साक्षीचा वेग मिनिटाला 225 शब्द लागतो, कारण तिथे प्रश्नोत्तरं जशीच्या तशी टिपतात. थेट कॅप्शन देणारेही तेच यंत्र वापरतात. आपल्याकडे बहुतेक वेळा न्यायाधीश साक्ष निवेदनाच्या रूपात सांगतात आणि आपण ती घेतो. काम निराळं, भाषा निराळी. त्या कोर्सला पैसे घालू नकोस.

मामांचं खोटं नाही. 21 फेब्रुवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयात यंत्रानं सुनावणीचं थेट टिपण घेतलं, तेही महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या खटल्यात. पण तिथे माइकपुढे वकील बोलत होते. तालुक्याच्या कोर्टात पंखा घरघरत असतो, साक्षीदार पदर तोंडाला लावून माणदेशी बोलते, मधेच रडते. आणि यंत्रानं लिहिलेलंही कुणीतरी ओळीनं ताडून बघावं लागतंच. ते करायला ‘नाही’ ऐकू येणारा कान लागतो.

80 नक्की काढ, पण तिथे थांबू नकोस, 100 ची तयारी लगेच धर. इंग्रजी 40 चं टायपिंगही आत्ताच उरकून घे. न्यायालयाची जाहिरात निघाली की त्यातल्या अटी शब्दन् शब्द वाच. आणि एक दिवस फलटणच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस, खुल्या कोर्टात बसायला मनाई नसते. वकिलांकडे बघू नकोस. स्टेनो पेन्सिल कधी बदलतो, पान कोणत्या हातानं उलटतो, ते बघ.