हौद, मोरी आणि पेपरांची यादी

बडोदं, रविवार दुपार

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल गुरुवारीच मिळाली. उत्तर आधी कागदावर लिहून काढल्याशिवाय मला सुचत नाही, म्हणून उशीर. पीएचडीसाठी ज्यांच्याकडे जायचं म्हणतेस त्या बाईंच्या पेपरांची तू पाठवलेली यादी रावपुऱ्यातून छापून आणली आणि हिंचक्यावर बसून दोनदा वाचली. तू विचारतेस, अर्धी यादी चेतापेशींच्या (मेंदूत आणि मज्जातंतूंत संदेश नेणाऱ्या पेशींच्या) गणिती मॉडेलांची, अर्धी इम्युनॉलॉजीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्राची. काका, ह्या भरकटल्यात का? आणि पीएचडीच्या पाच वर्षांत किती पेपर झाले म्हणजे पुरे? दुसऱ्या प्रश्नाला मी बगल देणार आहे, आधीच सांगतो.

भरकटण्याचं म्हणशील तर जॉन हॉपफिल्डची यादी काढून बघ. २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा नाव ऐकलंच असशील. ते मुख्यतः १९८२ च्या एका पाच पानी पेपरामुळे. चालू आणि बंद अशा दोनच अवस्था असलेल्या पेशींचं जाळं विणलं तर त्यात आठवण कशी साठते, आणि अर्धवट खुणेवरून ती पुरी कशी उभी राहते, हे त्यात आहे. आता त्याच यादीत आठ वर्षं मागे जा. १९७४ चा पेपर आहे: पेशी प्रथिनं बनवताना इतक्या कमी चुका कशा करते? मेंदूचा इथे काडीचाही संबंध नाही. कल्पना अशी की योग्य आणि अयोग्य रेणूंच्या चिकटण्यात फरक थोडाच असेल, तर एका तपासणीत निवड नीट होत नाही. पण मधे पायऱ्या टाकल्या आणि प्रत्येक पायरीवर अयोग्याला सुटून जायची संधी ठेवली, तर तो थोडका फरक गुणत जातो. जुन्या वाड्यात आलेला माणूस आधी ओटल्यावर बसायचा, मग दिवाणखान्यात, मग माजघरात. काम नसलेला मधेच कुठेतरी उठून जायचा. एका पायरीला दुपटीचा फरक पडत असेल, तर पाच पायऱ्यांनी ढोबळमानाने बत्तीसपट होतो. (या पायऱ्यांसाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. परीक्षेत नेमकं हेच वाक्य पोरं गाळायची.)

१९९५ मध्ये मॅककीथन यांनी हीच युक्ती टी-पेशींना, म्हणजे परक्या जंतूंना ओळखणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, लावली. समोरचा तुकडा आपला की परका, हे टी-पेशीला तो किती वेळ चिकटून राहतो त्यावरून ठरवायचं असतं, आणि तो फरक असतो काही सेकंदांचा. म्हणजे एकाच माणसाच्या यादीतला एक पेपर मेंदूवाल्यांकडे गेला आणि दुसरा फिरत फिरत इम्युनॉलॉजीवाल्यांकडे. त्या गल्ल्यांमधली ये-जा तशी जुनीच आहे. एडेलमन यांना १९७२ चं नोबेल प्रतिपिंडांच्या (जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांच्या, अँटिबॉडींच्या) रचनेसाठी मिळालं, नंतर त्यांनी मेंदू धरला. तोनेगावांना १९८७ चं मिळालं ते प्रतिपिंडांत इतकी विविधता येते कुठून यासाठी, आणि पुढे ते उंदराच्या मेंदूत आठवण कुठे बसते ते शोधू लागले. २००७ नंतर तर जीवशास्त्रानेच दोन्ही घरांमधली भिंत पाडली: जंतूंवर खूण करणारी प्रतिकारयंत्रणेची प्रथिनं वाढत्या मेंदूत नको असलेल्या चेतासंधींच्या (दोन चेतापेशींमधल्या जोडांच्या) छाटणीतही असतात, असं दिसून आलं.

तेव्हा त्या बाईंची यादी विषयावार न वाचता प्रश्नावार वाच. मला तिच्यात एकच गोष्ट सगळीकडे दिसली, उंबरठा. चेतापेशी कधी पेटते, टी-पेशी कधी चवताळते. भरकटलेल्या माणसाच्या यादीत दर दोन वर्षांनी शब्द बदलतात, ज्याची फॅशन असेल तो. हिच्यात शब्द बदललेत, प्रश्न नाही.

हे झालं सोपं. अवघड ते असं की धागा असून भागत नाही. मॉडेल चुकताना पकडता आलं पाहिजे.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात मागच्या अंगणात दगडी हौद होता. वर नळ चालू, खाली मोरीतून गळती. पातळी दिवसभर तेवढीच. बघणाऱ्याला वाटावं, पाणी निवांत आहे. नळ चमचाभर येतो की बदाबदा, हे पातळीकडे पाहून कधीच कळणार नाही. नळ बंद करा आणि घड्याळ लावा, की पातळी किती भराभर उतरते त्यावरून आधी किती येत होतं ते निघतं. एचआयव्हीचं नेमकं हेच होतं. संसर्गानंतर कित्येक वर्षं रक्तातली विषाणूंची पातळी जवळपास स्थिर दिसते, आणि विषाणू आत झोपून असतो असा समज होता. १९९६ मध्ये पेरेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांना रिटोनाविर हे विषाणूला रोखणारं औषध दिल्यावर सुरुवातीला दर काही तासांनी रक्त तपासलं. नळ जवळजवळ बंद. उतार दोन-तीन समीकरणांत बसवला आणि आकडे बाहेर पडले: विषाणूकणाचं अर्धायुष्य (निम्मे कण नाहीसे व्हायला लागणारा वेळ) सुमारे सहा तास, संसर्ग झालेल्या पेशीचं सुमारे दीड दिवस, आणि रोज तयार होणारे विषाणू सुमारे दहा अब्ज. निवांत कसला, आत कारखाना चालू होता! आणि रोज एवढे नवे विषाणू म्हणजे एवढ्या नव्या चुका. मग एकट्या औषधाला चकवणारा विषाणू लवकरच निघणार, म्हणून औषधं एकत्र द्यायला हवीत, हे त्या उतारातून ठसलं.

याच पेरेलसन यांचा १९८६ चा, फार्मर आणि पॅकार्ड यांच्याबरोबरचा पेपरही वाच. प्रतिपिंडं एकमेकांना ओळखतात आणि त्यांचं जाळं तयार होतं, ही येर्ने यांची १९७४ ची कल्पना त्यात आहे. इतकी देखणी कल्पना की आम्ही सगळे प्रेमात पडलो होतो. पण ती कुठला नळ बंद करायला सांगत नव्हती. पुढे ती थंडावली.

आणि आता माझी लाज. तरुणपणी मी चेतापेशीच्या मॉडेलवर एक पेपर लिहिला. सहा पॅरामीटर (हवे तसे बदलता येणारे आकडे), प्रयोगाचे अकरा बिंदू, वक्ररेषा सगळ्यांतून झुळझुळ गेलेली. छापून आला, पेढे वाटले. वर्षभराने जुन्या पंचकार्डांची (कॉम्प्युटरला माहिती द्यायच्या भोकं पाडलेल्या कार्डांची) चळत आवरताना लक्षात आलं की मी मापांचा रकाना उलटा भरला होता, शेवटचं माप आधी. तेव्हा नीट क्रमाने भरून पुन्हा चालवलं. ती वक्ररेषाही बसली. तितकीच छान. त्या रात्री मला झोप लागली नाही. पेपर मागे घ्यायचं धाडस झालं नाही, हेही लिहून ठेवतो.

उलट बाजूला हॉजकिन आणि हक्सली. १९५२. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूचा व्होल्टेज एका जागी धरून ठेवला आणि प्रवाहाची मापं घेतली. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा बंद, म्हणून हक्सलीने ब्रुन्स्विगा या आकडेमोडीच्या यंत्राचं हँडल हाताने फिरवत आठवडेच्या आठवडे गणितं केली. त्या धरून ठेवलेल्या तंतूच्या मापांवरून त्यांनी मोकळ्या तंतूतून धावणाऱ्या संदेशाचा वेग काढला: सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष मोजला तर २१.२. वेग त्यांनी मापांत कुठेच घातला नव्हता, तो आपणहून बाहेर आला, आणि चुकायला त्याला पुरेपूर वाव होता. माझ्या सहा पॅरामीटरांना नव्हता.

छापायचं कुठे, याची काळजी तुझ्या आजीलाही लागलीय असं दिसतं. (तिला कुणी सांगितलं इम्पॅक्ट फॅक्टरचं, जर्नलच्या वजनाच्या त्या आकड्याचं?) बर्नेट यांनी प्रतिकारशास्त्राची पायाभूत कल्पना १९५७ मध्ये मुद्दाम एका बाजूच्या ऑस्ट्रेलियन जर्नलमध्ये दोन-तीन पानांत छापली. हिशेब असा की खरी ठरली तर आधी आपण म्हटलं होतं, आणि खोटी ठरली तर फारशी कुणाच्या नजरेला पडायची नाही. तू एवढी धूर्त होऊ नकोस, पण कुठे छापलं याने कल्पना मोठी होत नाही एवढं त्यातून घे. ‘पैसे भरा, चोवीस तासांत स्वीकारू’ म्हणणाऱ्या जर्नलांच्या मेल न उघडता उडव. माझ्या एका विद्यार्थ्याने असे पैसे भरले. लेखात चुकून राहिलेलं ‘इथे आकृती टाकणे’ हे वाक्यसुद्धा तसंच छापलं गेलं. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली आहे. तरी तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम विचारून घे.

आमच्या वेळी लेख हवा तर लेखकाला पोस्टकार्ड टाकायचं, दीड-दोन महिन्यांनी रीप्रिंट, म्हणजे लेखाची छापील प्रत, यायचं, कधी पाकिटावरच्या तिकिटाचाच आनंद जास्त. ते सगळे मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवले आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी पुरात तळमजल्यावर आली तेव्हा त्यांचा लगदा झाला. तुला तर २०२५ पासून सरकारी योजनेत विद्यापीठातूनच हजारो जर्नलं उघडतात. मग गोषवाऱ्यावर थांबू नकोस.

बाईंना मेल टाकण्याआधी यादीत आणखी एवढं बघ. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं बाईंचं असे पेपर किती? त्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना फोन कर आणि विचार की पहिल्या पेपराला किती वर्षं लागली, आणि वाद झाला तेव्हा बाई काय म्हणाल्या. प्रयोग करणारा सहलेखक तोच तोच परत येतो का? परत येत असेल तर चांगलं. मॉडेलवाल्यांशी प्रयोगवाल्यांचं दोनदा जमणं सोपं नसतं. कोड उघडं ठेवलंय का? आणि स्वतःचंच जुनं मॉडेल चुकलं असं सांगणारा एखादा पेपर आहे का? मला सतरावा तसा वाटला, पण तू ठरव.

मग त्यांचा कुठलाही एक पेपर घे आणि त्यातली आकृती दोन, त्यांचं कोड न उघडता, फक्त पद्धतीचा भाग वाचून पुन्हा काढ. अडशील. कुठे अडलीस ते लिहून ठेव आणि बाईंना पहिल्या मेलमध्ये तेच विचार, मार्कशीट नंतर जोड.

तुझा,
काका

ता. क. हौदाचं गणित सेमी-लॉग कागदावर (एक अक्ष लॉगचा असलेल्या आलेखाच्या कागदावर) काढून आण. कागद माझ्याकडे आहेत, वरच्या खणातले वाचलेत. रविवारी सकाळी ये, सेव-उसळ आणून ठेवतो. तिखट रस्सा वेगळा सांगेन.