मांजरीच्या पायाची नस दुखावली आहे. पाय काढावा की थांबावे?

आपल्या मांजरीचा पुढचा पाय तीन आठवड्यांपासून लुळा आहे, एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, आणि पाय आताच काढून टाकावा की थांबावे, असे आपण विचारले आहे. मी पशुवैद्य नाही. बेळगावात शहापूर भागात राहतो, आणि आमच्या मांजरीवर हीच वेळ आली होती, तेवढ्या आधारावर लिहितो.

खिडकीच्या गजांत डावा पाय अडकून ती बराच वेळ लोंबकळत राहिली होती. सोडवल्यावर ती पंजा उलटा टेकवून, म्हणजे केसाळ बाजू फरशीवर घासत, पाय ओढू लागली. तपासणारे डॉक्टर कन्नडभाषक होते. ते "नर, नर" म्हणू लागताच आईने "नर नव्हे, मादी आहे हो" असे ठासून सांगितले. कन्नडमध्ये नर म्हणजे नस, मज्जातंतू, हे सीमाभागात सारा जन्म काढूनही त्या घाईत तिच्या ध्यानात आले नाही.

निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट डॉक्टरांकडून नक्की करून घ्यावी. बोट चिमट्याने दाबल्यावर मांजर नुसता पाय आखडते, की मान वळवून पाहते, गुरगुरते? पाय आखडणे ही प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. वेदना मेंदूपर्यंत पोहोचते की नाही, हे मान वळवण्यावरून कळते. संवेदना शिल्लक असेल तर थांबण्यात अर्थ आहे. याउलट संवेदना अजिबात नसेल आणि त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली लहान होऊन आतला पडदा, म्हणजे तिसरी पापणी, वर आलेला दिसत असेल, तर नसांची मुळे मज्जारज्जूपासूनच उपटली गेल्याची शंका येते, आणि तशी मुळे पुन्हा जुळत नाहीत.

नसेतला तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे खांद्यापासून पंजापर्यंतचे अंतर कापायला कित्येक महिने लागतात. पण थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. आमच्याकडे दहा दिवसांतच पंजाच्या पाठीवरचे केस झडून रुपयाएवढी लाल जखम झाली. मग खडेबाजारातून तान्ह्या बाळाचे सुती मोजे आणले, फरशीवर जुनी सतरंजी अंथरली आणि रोज मोजा काढून बोटे सुजली आहेत का ते पाहू लागलो, कारण मोज्याची पट्टी घट्ट झाली तरी सुन्न पायाला ते कळत नाही. त्याच कारणाने शेजारच्या आज्जींनी सुचवलेला गरम तेलाचा शेक आम्ही कटाक्षाने टाळला. मनगट आखडून कायमचे वाकू नये म्हणून दिवसातून तीनदा, प्रत्येक सांधा हलक्या हाताने दहा-पंधरा वेळा वाकवून सरळ करावा लागे. पाचव्या आठवड्यात ती स्वतःचीच बोटे चावू लागली. संवेदना परतताना मुंग्या आल्यासारखे होऊन मांजरे असे करतात, पण चावा हाडापर्यंत जाऊ शकतो. म्हणून तोंड पंजापर्यंत पोहोचू न देणारी कॉलर गळ्यात घालावी आणि नसेच्या वेदनेवरचे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नये, तिची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आपल्या मांजरीला संवेदना असेल, तर तीन आठवडे हा फार थोडा काळ आहे. तीन ते चार महिन्यांची मुदत मनाशी धरावी आणि दर पंधरा दिवसांनी तपासणी करावी. तोवर काहीच हालचाल परतली नाही, जखमा भरेनात किंवा ती पंजा कुरतडतच राहिली, तर पाय काढायला मन घट्ट करावे. तीन पायांची मांजरे भिंतीवरही चढतात, दया येते ती आपल्यालाच.

आमच्या मांजरीने अकराव्या आठवड्यात पंजा सरळ टेकवला. उडी मारताना तो अजून किंचित वळतो, आणि त्या पायाची नखे पुरेशी झिजत नसल्याने, ती तळव्याच्या मऊ गादीत रुतू नयेत म्हणून, दर पंधरवड्याला कापावी लागतात.