चेडवाक लॅपटॉप खयचो घेवचो?

प्रश्न : मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. मुलगी बारावी झाली. चिपळूणजवळच्या कला महाविद्यालयात बीएफएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय, मावशीकडे राहणार आहे. तिला डिजिटल चित्रकला करायचीय. ती मॅकबुक म्हणते. पुतण्या इंजिनीअरिंगला आहे, तो गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतो. दुकानदार म्हणतो, आय-फाइव्ह प्रोसेसरवाला घ्या नि विसरा. यंदाच्या आंब्यातले ८० हजार बाजूला काढलेत. चार वर्षं दगा न देणारा, भरवशाचा लॅपटॉप कुठला? चेडवाचा मन मोडूचा नाय, पन पैशे पाण्यात पन जावक नको. तिची तीन चित्रं सोबत पाठवतोय. सगळी मोबाईलवर बोटाने काढलेली आहेत. मोठ्या मुलाचा जुना डेस्कटॉप घरी धूळ खात पडलाय.

उत्तर :

नमस्कार. खरं सांगतो, चित्रं आधी बघितली आणि पत्र नंतर वाचलं. आमसुलं वाळत घालणारी आजी चांगलीच आहे, पण माझी नजर दशावतारातल्या संकासुरावर अडकली. काळा झगा, काळं तोंड, मागे काळोख, आणि तरी झग्याची घडी न् घडी वेगळी कळते. इबिस पेंट या मोबाईल ॲपमध्ये बोटाने हे काढणाऱ्या मुलीला यंत्राची घाई नाही. म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही : या जूनमध्ये लॅपटॉप घेऊ नका.

बीएफएचं पहिलं वर्ष पायाभूत असतं. वस्तुचित्र, निसर्गचित्र, द्विमितीय आणि त्रिमितीय संकल्पचित्र, रंगसिद्धांत. पेन्सिल, पोस्टर कलर, कार्ट्रिज पेपर आणि खांद्याला लटकवलेला ड्रॉइंग बोर्ड. संगणकाची खरी गरज लागते ती पुढे, उपयोजित कला की आणखी काही हे ठरल्यावर. आज घेतलेल्या लॅपटॉपची वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून संपायला लागते. मोठ्या मुलाचा जुना डेस्कटॉप घरी धूळ खात पडलाय, असं तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय. त्यात ८ जीबी रॅम आहे, तर तो आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या टेम्पोतून मावशीकडे पाठवा. त्याला चार-पाच हजारांचा छोटा पेन टॅब्लेट, म्हणजे पेनने रेघा ओढायची पाटी, जोडून द्या. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, कुठलाही चालेल. फक्त पेन बॅटरीशिवाय चालणारा आणि दाब ओळखणारा हवा. क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चोख आहे. हात खाली पाटीवर आणि डोळे समोर पडद्यावर, याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. या काळात ती कंटाळेल, चिडेल. चिडू द्या.

उरलेले ७५ हजार बँकेत ठेवा. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर काय घ्यायचं, ते आता सांगतो.

तुम्ही ‘भरवशाचा’ हा शब्द वापरलात. शहरातला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला कंपनीचं नाव हवं असतं. तुमच्या-माझ्यासाठी भरवसा म्हणजे बिघडल्यावर तो कुठे आणि किती दिवसांत दुरुस्त होतो. माझाच अनुभव सांगतो. माझा एक लॅपटॉप दुसऱ्या पावसाळ्यानंतर चार्जच होईना. नावाजलेल्या कंपनीचा होता, नाव घेत नाही. घाट चढून कोल्हापूरला नेला. तिथल्या मुलाने तो उघडून बोर्ड माझ्यासमोर धरला : चार्जिंगच्या खाचेभोवती हिरवट-पांढरी पूड, जुन्या तांब्याच्या भांड्यावर धरते तशी. म्हणाला, ‘‘काका, समुद्राजवळ राहता का?’’ खिडकीशी टेबल होतं माझं, समुद्राकडे तोंड करून. गंज वॉरंटीत बसत नाही, हे त्याने मग सांगितलं.

म्हणून दुकानात आकडे विचारण्याआधी घरी बसून एक काम करा. ज्या दोन-तीन कंपन्यांचा विचार असेल त्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावा आणि दोन्ही पिन कोड द्या, तुमचा आणि मावशीचा. ‘घरी येऊन दुरुस्ती’ या पिन कोडला मिळते का, की यंत्र आम्हीच उचलून आणायचं? हे लेखी मागा, ईमेलवर. जी कंपनी चिपळूणला माणूस पाठवते, तिचा लॅपटॉप दोन हजारांनी महाग पडला तरी तोच घ्या. वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून घ्या. पडझड आणि पाणी सांडणं याचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं, तेही घ्या. पुतण्या याला पैसे वाया घालवणं म्हणेल. त्याच्या वसतिगृहाजवळ दुरुस्तीची दहा दुकानं असतील.

आता यंत्राच्या आत. रॅम १६ जीबी, त्याखाली उतरू नका. हिशेब करून दाखवतो. ए-थ्री आकाराचं चित्र छपाईसाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढलं, तर सुमारे १ कोटी ७४ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर भरलेला एक लेअर (चित्राचा एकावर एक ठेवायचा थर) ७० एमबीच्या घरात जातो. तुमची मुलगी ४० लेअर सहज वापरेल. झाले पावणेतीन जीबी. विंडोज स्वतः काही जीबी खातं, ब्राउझरमध्ये संदर्भाची चित्रं उघडी असतात, ‘मागे जा’साठी सॉफ्टवेअर जुन्या रेघाही लक्षात ठेवतं. आठमध्ये हे मावत नाही. रॅम बोर्डलाच चिकटवलेली आहे की वाढवायला मोकळी खाच आहे, हेही विचारा. फाइली साठवायची एसएसडी ५१२ जीबी पुरे.

आणि पडदा. इथेच दुकानदार गप्प बसतो, कारण स्वस्त लॅपटॉपमध्ये काटकसर इथेच केलेली असते. पडदा किती रंग दाखवतो, याची एनटीएससी आणि एसआरजीबी ही दोन मापं असतात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं की उठून या. त्या पडद्याला छपाई आणि वेबसाठी लागणाऱ्या रंगांपैकी साधारण एक तृतीयांश दाखवताच येत नाहीत. ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेलं हवं. कागदावरही विसंबू नका. पेन ड्राइव्हवर तिचा संकासूर न्या, आणि सोबत तुमच्याच बागेतल्या पिकल्या हापूसचा एक फोटो. दुकानातल्या पडद्यावर दोन्ही उघडा. झग्याच्या घड्या काळ्या डागात बुडाल्या, किंवा देठाजवळचा केशरी मातकट दिसला, तर तो लॅपटॉप तिच्या कामाचा नाही. हापूसचा रंग तुम्हाला कुणी शिकवायला नको.

गेमिंग लॅपटॉप वाईट नसतो. ती उद्या ब्लेंडरमध्ये त्रिमितीय ॲनिमेशन करायला लागली, तर रेंडरिंगला वेगळं ग्राफिक कार्ड लागेल आणि मग पुतण्याच बरोबर ठरेल. पण तिन्ही चित्रं द्विमितीय आहेत, आणि अशा कामाचा भार मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर पडतो. ८० हजारांत ग्राफिक कार्ड घालायचं, तर पैसे बहुतेक वेळा पडद्यातून कापले जातात. वर वजन, जाडजूड अडॅप्टर आणि लवकर उतरणारी बॅटरी.

मॅकबुक एअरबद्दल मुलीचं अगदीच चुकत नाही. पडदा उत्तम, आत पंखाच नाही, त्यामुळे खारी हवा ओढून घेत नाही. ऑक्टोबर २०२४पासून तो किमान १६ जीबीचा येतो. सेलमध्ये जुने ८ जीबीचे स्वस्तात दिसतील, ते नकोत. विद्यार्थ्यांना सवलतही असते. मात्र रॅम नंतर वाढत नाही आणि दुरुस्ती महाग. पिन कोडच्या परीक्षेत तो पास झाला आणि बजेटमध्ये बसला, तर घ्या, माझी हरकत नाही. ज्या प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपचे व्हिडिओ ती बघत असेल ते मॅकबुकवर चालत नाही, आयपॅडवर चालतं, एवढं तिच्या कानावर घाला.

विजेचं बोलायलाच हवं. अडॅप्टरचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कोंबायची आपल्याकडे सवय आहे. अर्थिंग नसलं की धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि टॅब्लेटवरची सरळ रेघ थरथरत उमटते. मुलं मग पेन खराब झाला म्हणून नवा मागतात. जांभ्यातलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं. इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या, मावशीकडेही. गडगडायला लागलं की प्लग काढायचा. आणि मावशीचं घर बाजारपेठेत तळमजल्यावर असेल, तर जुलै ते सप्टेंबर लॅपटॉप माळ्यावर झोपेल. २२ जुलै २०२१चा महापूर चिपळूणकर विसरलेले नाहीत.

सुट्टीत ती देवगडला येईल तेव्हा यंत्र खिडकीपासून लांब ठेवा, रोज तासभर तरी चालू करा, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पेटीत बंद करून महिनाभर ठेवलेल्या लॅपटॉपला पावसाळ्यात बुरशी धरते.

संकासुराची मूळ फाइल, लेअरसकट, अजून फक्त तिच्या मोबाईलमध्येच आहे असा माझा अंदाज आहे. तेवढी आज रात्री तिला डेस्कटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला सांगा.