वाचकांचे प्रश्न : पाच संकेतस्थळे, एकच साक्षीदार

प्रश्न : मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला असून राजर्षी शाहू महाराजांच्या १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशावर प्रकल्प लिहिते आहे. इंटरनेटवर माहिती भरपूर मिळते, पण बाई म्हणतात की संदर्भ विश्वासार्ह हवेत. पाच संकेतस्थळे तेच सांगत असतील, तर ते खरे धरायला काय हरकत आहे?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ती पाच पाने एकदा शेजारी ठेवून वाचा. शब्द तेच, क्रम तोच आणि शुद्धलेखनाची चूकही तीच असेल, तर चौघांनी पाचव्याचे उतरवून घेतले आहे असे समजावे. मग साक्षीदार एकच उरतो, आणि त्याला ही माहिती कोठून मिळाली हे अजून विचारायचेच आहे.

तुमचाच विषय घेऊ. "महाराजांनी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या" हे वाक्य जागोजागी भेटते, आणि ते चूक म्हणता येणार नाही. मात्र २६ जुलै १९०२ चा आदेश पाहिला, तर त्यात अधिक नेमके बोललेले आहे. राखीव जागा होत्या त्या आदेश मिळाल्यापासून रिक्त होणाऱ्या जागांपैकी. आणि ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सर्व, अशी मागासलेल्या वर्गांची व्याख्या होती. शिवाय ज्या कचेऱ्यांत या वर्गांतील अधिकाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यापैकीच एकाची करावी, असेही त्यात आहे. "मागासवर्गीय" या शब्दाला आजचा अर्थ चिकटवून कोणी निष्कर्ष काढला, की प्रकल्प तिथेच घसरतो.

म्हणून संकेतस्थळ चांगले की वाईट, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो; हे वाक्य मूळ कागदाच्या किती जवळ आहे, हे आधी पाहावे. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण उद्धृत करायचा तो तिच्या तळटीपेतला ग्रंथ, आणि तोही स्वतः उघडून पाहिल्यावर. मराठी विश्वकोशाच्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते, ही मोठी सोय आहे. मात्र कित्येक नोंदी काही दशकांपूर्वीच्या असल्याने त्यांतली आकडेवारी आजची म्हणून देऊ नये. 'शोधगंगा' या भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएच. डी.चे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. तेथे आधी शेवटची संदर्भसूची उघडा, कारण कोणता कागद कोणत्या दप्तरात आहे याचा माग तीत लागतो. प्रबंधाला पदवी मिळाली म्हणजे त्यातले प्रत्येक वाक्य सिद्ध झाले, असे मात्र नव्हे. पैसे भरताच चार दिवसांत लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून तर दूरच राहावे.

आणि तुम्ही कोल्हापुरात आहात, हे विसरू नका! शिवाजी विद्यापीठाने महाराजांच्या काळातील कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात किंवा १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात ग्रंथपालांना नेमका विषय सांगून विचारलेत, तर आठवडाभराची शोधाशोध वाचेल.

प्रश्न : अकरावीतल्या मुलाला पंचगंगेच्या पुरावर टिपण लिहायचे आहे. एका चॅटबॉटने पाच संदर्भ दिले, पण त्यांतले दोन कुठेच सापडत नाहीत. आमचे शोधणे चुकते आहे का?
— एक पालक, कागल

उत्तर : शोधणे बहुधा बरोबर आहे, ते दोन लेख अस्तित्वातच नसावेत. ही साधने खऱ्यासारखी भासणारी शीर्षके आणि लेखकनावे स्वतः रचू शकतात. लेखाचे पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा. तेथे नाही, नियतकालिकाच्या त्या अंकाच्या अनुक्रमणिकेतही नाही, तर तो संदर्भ खोडून टाका. उरलेले तीन सापडले म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यांत ते विधान खरोखर आहे का हेही मुलाला वाचून पाहू द्या.

पुराचे आकडे घेताना ठिकाण आणि वेळ सोडू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. नुसते "पाणी ४३ फुटांवर" असे लिहिले, तर ते कोणत्या बंधाऱ्यावर आणि कोणत्या दिवशी किती वाजता, हे परीक्षक विचारणारच. त्यामुळे बातमीपेक्षा जिल्हा प्रशासनाचे त्या दिवसाचे पूरस्थितीचे पत्रक मिळवावे आणि त्यावरची तारीख व वेळ आकड्याशेजारीच लिहावी.