मुलींना धावायला जास्त वेळ देणं म्हणजे सैन्याचा दर्जा उतरवणं का?

तुमचा प्रश्न असा: साताऱ्यात भरतीची तयारी करणाऱ्या तुमच्या पुतणीला १.६ किमीसाठी साडेसात मिनिटं चालतात, मुलाला मात्र पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटांत यावं लागतं. मग समानता कुठे राहिली?

भरतीची धाव दमसास बघायला असते, लढाईतलं काम मोजायला नाही. नोकरीतल्या पुरुष जवानांच्या बीपीईटीतही (लष्कराची शारीरिक क्षमतेची चाचणी) वयोगटाप्रमाणे वेळ बदलते. चाळिशी ओलांडलेल्या सुभेदाराला विशीतल्या पोरापेक्षा जास्त मिनिटं मिळतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. कामाचं माप मात्र सगळ्यांना एकच हवं, यावर मी ठाम आहे. तोफखान्यात २०२३ पासून महिला अधिकारी आहेत. १५५ मिमी तोफेचा गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. तो हाताळणारा कुणीही असो, त्यात सूट नको.

एकच पट्टी लावली की न्याय झाला, असंही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरीत राहण्याचा, हक्क मान्य केला. नंतरच्या निवडीत त्यांना पुरुषांचाच वैद्यकीय निकष लावला, शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा. पण पुरुषांची ती तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी होते. या बायकांना त्या वयात कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता चाळिशी-पन्नाशीत तेच माप लावलं. वरिष्ठांनी कामाबद्दल लिहायचे गोपनीय अहवालही ‘हिला पुढे न्यायचंच नाही’ असं धरून भरलेले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं, ते मला पूर्ण पटतं.

गरजेपुरतं घ्यायचं आणि मग घरी पाठवायचं, हे साताऱ्याने तर आधीही पाहिलंय. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथे नोकरीला होते. १९०० साली भीमरावांचं नाव इथल्याच शाळेत घातलं. त्याआधीच्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. कारण काय, तर ही ‘लढवय्यी जात’ नाही! पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी केली, गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. महिला अधिकाऱ्यांचंही तसंच झालं: १९९२ ला पाच वर्षांसाठी घेतलं, मग मुदत वाढवत चौदा वर्षांवर नेली आणि पेन्शनशिवाय घरी पाठवलं, कारण पेन्शनला वीस वर्षं लागतात. म्हणून हक्क कागदावर हवा, मेहरबानी म्हणून नको.

आता पुतणीचं. आधी उंची मोजा. अग्निवीर महिला मिलिटरी पोलीसला १६२ सेंमी लागते. तेवढी भरत नसेल तर एनडीए (अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण अकादमी) बघा, तिथे लष्करासाठी मुलींना १५२ पुरते. पण तिथे गणिताचा पेपर ३०० गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, हे ऐकून मुली अकरावीला गणित सोडतात आणि या पेपरात अडकतात.

धाव म्हणजे चारशे मीटरच्या चार फेऱ्या, दर फेरीला १ मिनिट ५२ सेकंद. बहुतेक मुली पहिली फेरी दीड मिनिटात मारतात आणि तिसरीला पाय जड होतात. पहिली फेरी १:५० च्या आत येऊ देऊ नका. आणि सराव डांबरीवर नको, मातीवर करा. नडगी धरली की तीन-चार आठवडे सहज जातात.