सूज खाली, झिरपणं वर

प्रश्न : आमची ७ वर्षांची लॅब्राडोर चिंगी दीड महिन्यापासून दिवसातून सहा-सात वेळा शी करते. दर वेळी थोडीशीच, चिकट शेंबडासारखी, शेवटी ताज्या रक्ताचे थेंब. खूप कुंथते. डॉक्टर म्हणतात मोठ्या आतड्याला सूज आहे, पण लहान आतड्यासाठीही रक्त तपासायला सांगताहेत. गरज आहे का? – एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : आहे, ताई. लक्षणं मोठ्या आतड्याचीच वाटतात. पण सूज जिथे असते तिथेच तिचा परिणाम थांबतो, असं नाही.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना मीही दोन्ही आतडी वेगवेगळ्या कप्प्यांत पाठ केली होती. माझा समज मोडला तो पांढऱ्या उंदरांवरच्या प्रयोगांनी. गुदद्वारातून रसायन सोडून मोठ्या आतड्यात सूज आणली. लहान आतड्याला ते लागलंही नव्हतं. तरी लहान आतड्याचं अस्तर जास्त झिरपू लागलं! अस्तराच्या पेशींमध्ये प्रथिनांचे सांधे असतात, फरशीच्या फटीत व्हाइट सिमेंट भरावं तसे. सुजेच्या जागी तयार होणारे टीएनएफ-अल्फासारखे पदार्थ हे सांधे सैल करू शकतात, आणि रक्तातून ते लांबवर पोचतात.

हे झिरपणं मोजण्याची एक पद्धत मला फार आवडते. लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा पाजायच्या आणि लघवी गोळा करायची. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो एरवीही आत शिरतो. लॅक्टुलोजचा मोठा, तो सांधे सैल असले तरच जास्त शिरतो. उरलेलं लॅक्टुलोज मोठ्या आतड्यातले जिवाणू फस्त करतात, म्हणून लघवीत सापडतं ते मुख्यतः लहान आतड्यातून आलेलं. रोजच्या दवाखान्यात हे होत नाही. चिंगीच्या रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मात्र नक्की तपासा. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. ते कमी भरलं तर तिथेही त्रास असण्याची शक्यता धरायची.

शी एकदाच तपासून थांबू नका. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात एका पॉमेरेनियनचे दोन नमुने स्वच्छ निघाले होते. तिसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसली व्हिपवर्मची अंडी : पिवळसर, लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी. हा जंत मोठ्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी रोज पडत नाहीत. मालकांनी त्याला पाच महिने फक्त दहीभातावर ठेवलं होतं. बिचारं जनावर हाडं दिसेपर्यंत वाळलं होतं, मला आजही वाईट वाटतं.

आणि कळवळून सांगते, ती कुंथते म्हणून घरातली आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी देऊ नका. तिने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडंही जाऊ शकतात. दर रविवारी चिंगीला उचलून वजनकाट्यावर उभ्या राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. आकडा घसरला किंवा शी काळी झाली, तर रिपोर्टची वाट न बघता तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.